मुळासकट

आमच्या सदाशिव पेठेत नव्या माणसाची ओळख करून घ्यायची पद्धत ठरलेली आहे. आधी आडनाव विचारायचं. आडनावावरून उलगडा झाला तर प्रश्न मिटला. नाही झाला, तर चहाचा एक घोट घेऊन, अगदी सहज सुचल्यासारखं विचारायचं, "मूळचे कुठले आपण?" यात भूगोलाची आवड कुणालाच नसते, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. माझं सगळं आयुष्य या पेठेत गेलं. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला होता की मला तो ऐकूच येईनासा झाला होता. तो पुन्हा ऐकू यायला लागला भालेराव बाईंमुळे.

भालेराव आडनावानं या पद्धतीची पंचाईत होते, कारण ते बऱ्याच जातींत सापडतं. त्यामुळे माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, बाईंना पहिल्याच रविवारी जिन्यात गाठलं आणि प्रश्न आणखी बारीक दळून विचारला, "आपण मूळचे कोकणातले की देशावरचे?" बाई तोवर दोन पायऱ्या वर गेल्या होत्या. तिथूनच वळून म्हणाल्या, "पृथ्वीवरचे. त्याआधीचं काम चालू आहे."

नाना खूश झाले. अशा तिरक्या उत्तराला आमच्याकडे मार्क मिळतात. घरी येऊन त्यांनी "देशस्थ दिसतात" असं जाहीर केलं आणि पुढे दोनेक वर्षं तेच धरून बसले.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. झोपेतच गेल्या, कुणाला काही करायला न लावता. त्यांच्यावर लिहायला माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत, पण ती त्यांच्या संशोधनावर लिहितील. मी दातांची डॉक्टर. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि वरच्या मजल्यावर एक क्लास. रविवारी सकाळी क्लासची खोली रिकामी असायची, ती बाईंनी मागून घेतली होती. एका संशोधन संस्थेत नोकरीभर त्यांनी दगड तपासले, इथलेही आणि आकाशातून पडलेलेही. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून "आकाशाचा वर्ग" काढला. फी नाही, परीक्षा नाही. नानांसारखे निवृत्त लोक यायचे, आसपासच्या खोल्यांत कॉट घेऊन राहणारी स्पर्धापरीक्षांची मुलं यायची, आणि नानांना जिना चढवायला म्हणून मी.

पहिल्या तासाला बाई फळ्यावर काहीही लिहायच्या नाहीत. एकेकाला उभं करून असा प्रश्न विचारायच्या, की ज्याचं उत्तर कुणालाच आलं नसतं. समुद्रात पाणी कुठून आलं? पहिला जीव कुठे जन्मला? लोक घोळ घालायचे. पुण्यात "माहीत नाही" म्हणायची सवय कमी, पत्ता विचारला तर माणूस चुकीचा सांगेल पण सांगेल. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या. शेवटी समोरचा घामाघूम होऊन पुटपुटायचा, "माहीत नाही." मग बाईंचा चेहरा एकदम उजळायचा. म्हणायच्या, "छान. बसा."

ही त्यांच्या वर्गाची दीक्षाच होती. जुने विद्यार्थी नव्याची मजा बघायला पहिल्या तासाला मुद्दाम यायचे. नानांना "माहीत नाही" म्हणायला तीन रविवार लागले.

बाई ठेंगण्या, चष्म्याच्या काड्यांना दोरी लावलेली, आणि पंजाबी ड्रेसवर कायम एक मोठ्या खिशांचं जाकीट. उजव्या खिशात तान्ह्या बाळाचा लोकरीचा मोजा, आणि मोज्यात आकाशातून पडलेला एक दगड. तो त्या वर्गात फिरवायच्या. एकदा एका गृहस्थांनी तो कपाळाला लावला, तर बाई म्हणाल्या, "नमस्कार काय करताय, हाताला जड लागतो का ते सांगा." विश्वामागे काहीतरी शक्ती असली पाहिजे वगैरे कुणी सुरू केलं की त्या त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यायच्या आणि मागच्या रांगेला सांगायच्या, "पंखा वाढवा जरा."

पण तो दगड हातात घेऊन त्या बोलायला लागल्या की तिरकेपणा कुठल्या कुठे जायचा. त्या सांगायच्या, पृथ्वी व्हायच्या आधी हा होता. तुमच्या रक्तातलं लोखंड, तुमच्या दातातला चुना, सगळा माल असल्याच जुन्या धुळीतून आलेला. सगळ्यांचा एकाच ढिगातून. शेवटचं वाक्य त्या दोनदा म्हणायच्या. मला आधी वाटायचं, शिकवायची लकब असेल.

आकाशाकडे कशा वळलात, असं मी एकदा त्यांना खुर्चीत बसवून, दात साफ करता करता विचारलं. तोंड मोकळं झाल्यावर त्यांनी सांगितलं. शाळेत निबंध होता, "माझे गाव". वर्गातल्या सगळ्या मुलींना गाव होतं. आंब्याचं झाड, नदी, आजीचं घर. बाईंना गाव नव्हतं. रेल्वेत फिटर असलेल्या वडिलांना, अण्णांना, त्यांनी विचारलं तर ते म्हणाले, "आकाशावर लिही. ते समद्यांचं सारखंच हाय." बाईंनी आकाशावर चार पानं लिहिली. शिक्षिकेनं खाली लाल शाईत शेरा मारला, विषय सोडून लिहिले आहे.

"तेव्हापासून विषय सोडूनच लिहितेय," बाई म्हणाल्या आणि चूळ भरली.

अण्णांना मी एकदाच नीट पाहिलं. ऐंशी ओलांडलेले, ताठ, पांढरा सदरा. बाई त्यांना कात्रजहून रिक्षानं घेऊन आल्या. वरची एक दाढ हलत होती, काढावी लागणार होती. माझ्या हातात आधीचा पेशंट होता म्हणून दोघं बाहेर बसले, आणि बाहेर नाना पेपर वाचत होते. दार उघडं होतं. मला पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हाच कळलं, आता काय विचारलं जाणार ते.

"मूळचे कुठले आपण?"

"पुण्याचा."

"नाही, म्हणजे त्याआधी?"

अण्णा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "त्याआधी आमची माणसात गणती नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतली, तवापास्नं मोजायला सुरवात."

माझ्या हातातलं यंत्र मी उगाचच बंद करून पुन्हा सुरू केलं.

अण्णांनी इंजेक्शनला हूं की चूं केलं नाही. दाढ सहज निघाली. मी ती धुऊन त्यांना दाखवली. वरच्या दाढेला तीन मुळं असतात, त्यांची तिन्ही शाबूत होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि बधिर झालेल्या ओठानं म्हणाले, "मुळं तीन हायत की. लोक एकच इचारत्यात." मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "ती मला द्या." अण्णांच्या तोंडात तोवर मी कापूस दिला होता, त्यांना बोलता येईना. त्यांनी बोटानं कचऱ्याच्या डब्याकडे दाखवलं, दोनदा. बाईंनी दाढ कापडात गुंडाळली आणि जाकिटाच्या डाव्या खिशात टाकली. अण्णांनी ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

आठवड्यानं जखम दाखवायला आले तेव्हा त्यांनी माझ्यासमोरच मुलीला बजावलं, "ती दाढ तुझ्या मशिनीत घालू नगंस. ते गाव मी सोडलं न्हाई, टाकलंय."

हे मशीन काय आणि त्याचा गावाशी काय संबंध, ते मला बाईंनी नंतर सांगितलं. लहानपणी माणूस जे पाणी पितो, जे धान्य खातो, त्यात तिथल्या दगडाचा अंश असतो. दाढ घडताना तो तिच्या वरच्या कवचात बसतो आणि मग जन्मभर हलत नाही. पुढे माणूस कुठेही जाऊ दे, दाढ लहानपणीचं पाणी विसरत नाही. बाईंच्या संस्थेत अणू वजनानुसार वेगळे करणारं एक यंत्र होतं, त्याला त्या चाळण म्हणायच्या. आकाशातला दगड कधी आणि कुठे जन्मला हे त्या ज्या चाळणीतून काढायच्या, तिच्यातूनच अण्णांचं गावही निघू शकलं असतं. अण्णा गावाचं नाव सांगत नव्हते. आई नव्हती, आत्या केव्हाच गेली होती, विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्या गावातली एकच गोष्ट अण्णा एकदा, तीही तापात, बोलले होते. विहिरीपासून लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं.

"म्हणजे ते पाणी दाढेत आहे, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "माझ्या खिशात आहे. आणि मी ते तपासायचं नाही."

मला तोपर्यंत वाटत होतं की गाव नसणं हा बाईंच्या लेखी विनोदाचा विषय आहे. त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं, त्या जन्मभर याच एका गोष्टीभोवती फिरत होत्या.

इकडे आमच्या घरात वेगळंच सुरू झालं. नाना रविवारी वर्गात थर्मासभर चहा न्यायचे, आणि सोबत घरचे स्टीलचे पेले. मध्यंतरात पेले हातोहात फिरायचे, विसळून पुन्हा भरायचे. अण्णा येऊन गेल्याच्या पुढच्या रविवारी पिशवीतून कागदी कप निघाले. नाना कुणाकडेच न बघता म्हणाले, हल्ली साथीचे दिवस आहेत. बाईंनी कप हातात घेतला, फिरवून पाहिला. "सगळ्यांनाच कागदी? वा. समता आली म्हणायची." आणि चहा पिऊन टाकला.

मला मान वर करता आली नाही. घरी येऊन मी नानांशी भांडले, लग्नानंतर पहिल्यांदाच आवाज चढवून. नाना खरोखर दुखावले. "मी त्यांना काही बोललो का? एक रविवार तरी चुकवला का?" त्यांचं म्हणणं खरं होतं. वर्ग त्यांनी चुकवला नाही. बाईंना मात्र ते "भालेराव मॅडम" म्हणायला लागले, आणि त्या आदराची मला इतकी चीड यायची की सांगता येत नाही.

त्याच सुमाराला एका परदेशी यानानं लघुग्रहावरची मूठभर धूळ पृथ्वीवर आणली. तिच्यात जीवाला लागणारा कच्चा माल सापडला, तोही पृथ्वीचा हात न लागलेला. बाई त्या रविवारी नवा ड्रेस घालून आल्या होत्या. इतकं मोकळं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आपण कुठून आलो याचं उत्तर जवळजवळ हातात आलंय, असं त्या म्हणाल्या. आता कुणी विचारलं तर त्या धुळीकडे बोट दाखवायचं. ती धूळ कुठल्या गावची नाही, कुठल्या धर्माची नाही, वरची नाही, खालची नाही.

शीतल नावाची एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची. बार्शीकडची, शेतकऱ्याची, परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालेली. तिनं हात वर केला. "मॅडम, कुठून आलो ते कळलं. पण कशासाठी आलो ते यान सांगेल का? अ‍ॅक्च्युअली मला तेच पाहिजे."

बाई थांबल्या. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "यंत्राला कुठून, कधी, कसं एवढंच विचारता येतं. कशासाठी विचारायची त्यात सोय नाही. मला वाटतं, पुढेही नसेल."

"मग एवढं लांब जायचं कशाला?"

"जवळच्यांनी सांगितलं नाही, म्हणून."

वर्गात कुणाला ते कळलं नसावं. तेवढ्यात मागून नानांचा आवाज आला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, वातावरण हलकं करायचं होतं. शिवाय त्यांना उत्तर तर ठाऊक होतंच. "धुळीचं कळलं हो, पण मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या ते तुम्ही अजून सांगितलंच नाहीत." चारपाच जण हसले. बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं, पृथ्वीवरची, त्याआधीचं काम चालू आहे. पण ते पाठ केल्यासारखं आलं. वर्ग सुटल्यावर त्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि पाणी मागितलं.

"मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "इतक्या लांबून आलेलं उत्तर या प्रश्नालाही पुरेल."

अण्णा हिवाळ्यात गेले. बाई एकट्या पडल्या. पुढे एका रविवारी वर्गाच्या आधी त्या दवाखान्यात आल्या आणि माझ्या टेबलावर कापडाची पुरचुंडी ठेवली. आत दाढ होती, पण अर्धीच. बाकीची चाळणीत गेली होती. संस्थेत आता त्यांचा जुना विद्यार्थी काम बघत होता, त्याच्याकडे त्यांनी ती दिली होती. अण्णा असेपर्यंत हिंमत झाली नाही आणि गेल्यावर राहवलं नाही, असं त्या म्हणाल्या. स्वतःच्या बापाच्या घरी चोरी केल्यासारखं वाटतंय, हेही म्हणाल्या.

"काय निघालं?" मी विचारलं.

"काळा दगड."

मला समजलं नाही. मग त्यांनी समजावलं, पहिल्या तासाच्या विद्यार्थ्याला समजवावं तसं. पुण्यापासून पार नागपूरच्या अलीकडेपर्यंत जमिनीखाली एकच कातळ आहे, एकाच लाव्हाचा. त्यातल्या कुठल्याही गावचं पाणी प्या, दाढेवर जवळपास एकच खूण उमटते. चाळणीनं एवढंच सांगितलं की हा माणूस महाराष्ट्रात लहानाचा मोठा झाला.

"कोट्यवधी मैलांवरच्या धुळीचा जन्म मी सांगू शकते," बाई म्हणाल्या. "बापाचं गाव सांगू शकत नाही. आणि गंमत बघा, त्या गावात सगळ्यांच्या दाढा सारख्याच असणार. पाणी कुणी शेंदलं, कुणी वरून ओतलं, कुणी ओंजळ धरली, चाळणीला त्यातलं काही दिसत नाही. मी जन्मभर वर्गाला हेच सांगत आले ना, सगळा माल एका ढिगातला? मग ते माझ्याच बापाच्या दाढेत खरं निघालं तर मला रडू का येतंय?"

त्या खरंच रडत होत्या, चष्मा न काढता. उठताना त्यांनी पुरचुंडी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही काढलीत, तुम्हीच टाका. अण्णांनी तेव्हाच सांगितलं होतं." दवाखान्याचा कचरा न्यायला रोज गाडी येते. मी रोज पिवळी पिशवी बांधून देते. ती अर्धी दाढ मात्र अजून माझ्या खणात आहे.

त्या दिवशी आम्ही दोघी बरोबरच वर गेलो. शीतलचा तो शेवटचा रविवार होता. परीक्षा पुन्हा गेली होती, घरून बोलावणं आलं होतं, कॉट सोडून झाली होती. तिची बॅग दाराशीच होती. नाना खिडकीजवळ त्यांच्या खुर्चीत बसले होते, थर्मास पायाशी. बाईंनी मोज्यातला दगड काढून तिच्या हातात दिला आणि थोडा वेळ धरून ठेव म्हणाल्या. तो हातात घेऊन ती पोरगी बाईंकडे बघत होती. निघायच्या वेळी माणसाला काहीतरी आपुलकीचं विचारावंसं वाटतं, तसं तिनं विचारलं, "मॅडम, तुमचं गाव कुठलं? आमच्या बाजूचं असलं तर येताजाता आमच्याकडं या ना. आई लई खूश होईल."

बाईंचे ओठ हलले. ते उत्तर येतंय हे आम्हा सगळ्यांना कळलं, दोघंतिघं आधीच हसायला लागले होते. पण ते उत्तर नानांसाठी बनवलेलं होतं. या मुलीला जात काढायची नव्हती. तिला खरंच गाव हवं होतं, एसटीनं जाता येईल असं. बाईंनी टेबलाची कड धरली.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. नाना थर्मासकडे बघत बसले, शीतल दगड धरून तशीच उभी. इतक्या वर्षांची सवय, आम्ही सगळे पहिल्या तासाला 'माहीत नाही'नंतर यायच्या त्या दोन शब्दांची वाट बघत होतो. ते शब्द आमच्यापैकी कुणीही म्हणू शकलं असतं, मीसुद्धा. पण त्या वर्गात ते नेहमी बाईच म्हणायच्या. म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या.